दिवाळीच्या मोसमात बोटीने मांडवा ते पणजी: मोबाईल कुठपर्यंत साथ देतो आणि पुढे कोणती यंत्रं लागतात?



"समुद्रात गूगल मॅप्स चालतं का रे?" मी शिडाच्या बोटीने मांडव्याहून पणजीपर्यंत गेलो हे कळल्यापासून हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. उत्तर "हो" पण आहे आणि "नाही" पण. मोबाईल तुम्ही कुठे आहात हे बरोबर सांगतो. पण बोटीखाली पाणी किती आहे, समोरून कोण येतंय आणि अडचणीत तुमची हाक कोण ऐकणार, हे तो सांगत नाही. जमिनीवर या तीन गोष्टींची कधी गरजच पडत नाही. समुद्रावर मात्र जीव त्यांच्यावरच अवलंबून असतो.

आता थोडं माझ्याबद्दल. मी कुंभिवलीचा. खालापूर तालुक्यातलं, सावरोली-खारपाडा रस्त्यावरचं हे गाव. कोणी म्हणेल, डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याचा समुद्राशी संबंध काय? पण खोपोलीच्या टाटा वीजघरातून सुटलेलं पाणी पाताळगंगेत येतं, खारपाड्याकडे खाऱ्या पाण्यात मिसळतं आणि धरमतरच्या खाडीतून समुद्राला मिळतं. माझं काम सोलर पॅनल, इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या बसवायचं. एका मित्राने २८ फुटी जुनी शिडाची बोट घेतली, तिचं वायरिंग माझ्याकडे आलं आणि त्यामागोमाग ऑक्टोबरअखेरच्या सफरीचं आमंत्रणही आलं. त्या तयारीत आणि प्रवासात जे तंत्रज्ञान हाताखालून गेलं, ते आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

दक्षिणेकडे जायला हाच मोसम का?

पावसाळ्यात कोकण किनारा छोट्या बोटींसाठी बंदच असतो. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडू लागतात, पण समुद्र खऱ्या अर्थाने निवळतो तो मान्सून परतल्यावर. हवामान विभागाच्या सरासरीनुसार मुंबईतून मान्सून परतण्याची तारीख ८ ऑक्टोबर आहे. प्रत्यक्षात ती पुढे-मागे होते.

त्यानंतर वाऱ्याचं एक वेळापत्रक सुरू होतं. शाळेच्या भूगोलात वाचलेले मतलई वारे आणि खारे वारे आठवतात ना? रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. दुपारी जमीन तापते आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. हे खारे वारे. आपल्या किनाऱ्यावर दुपारचा हा वारा बहुतेक वेळा वायव्येकडून येतो. तुम्ही दक्षिणेला निघाला असाल तर तो पाठीवर मिळतो. शिडाच्या बोटीला आणखी काय हवं? परत येताना मात्र हाच वारा तोंडावर असतो.

पण या मोसमात दोन धोके आहेत:

- परतीचा पाऊस. दुपारनंतर सह्याद्रीकडे ढग जमतात आणि विजांसह पाऊस येतो. मोकळ्या पाण्यात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमच्या बोटीची डोलकाठी.
- अरबी समुद्रातली चक्रीवादळं. नोव्हेंबर २००९ मधलं फयान अलिबाग-मुंबई भागात किनाऱ्यावर आलं होतं. २०१९ मध्ये क्यार आणि महा ही दोन वादळं ऑक्टोबरअखेरीस पाठोपाठ आली.

म्हणून निघायची तारीख सुट्टी पाहून ठरवायची नाही, अंदाज पाहून ठरवायची. हवामान विभागाचा किनारपट्टीचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघायचा. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' अॅप आहे. विंडीसारखी अॅप्स उपयोगी आहेतच, पण त्यांची मॉडेल्स समुद्राचे काही किलोमीटर रुंदीचे चौकोन करून गणित मांडतात. एखाद्या खाडीच्या तोंडाशी दुपारी तीन वाजता काय होईल, हे इतक्या मोठ्या चौकोनात नीट दिसत नाही.

अंतर मोजायची सोपी युक्ती

समुद्रावर अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. हा विचित्र आकडा आला कुठून? अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले की एक मिनिट होतं आणि एक मिनिट अक्षांश म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. आपला किनारा बराचसा उत्तर-दक्षिण आहे. त्यामुळे नुसत्या अक्षांशांची वजाबाकी केली तरी प्रवासाचा अंदाज येतो:

- मांडवा (१८°४८′) ते जंजिरा-राजपुरी (१८°१८′): ३० मैल
- जंजिरा ते हर्णे (१७°४९′): २९ मैल
- हर्णे ते जयगड (१७°१८′): ३१ मैल
- जयगड ते रत्नागिरी (१७°००′): १८ मैल
- रत्नागिरी ते विजयदुर्ग (१६°३४′): २६ मैल
- विजयदुर्ग ते मालवण (१६°०३′): ३१ मैल
- मालवण ते पणजी (१५°३०′): ३३ मैल

बेरीज १९८. किनारा थोडा आग्नेयेकडे झुकतो आणि खडक टाळायला बाहेरून जावं लागतं, त्यामुळे प्रत्यक्षात हे अंतर जास्त भरतं. बोटीचा वेग नॉटमध्ये सांगतात. ५ नॉट म्हणजे तासाला ५ सागरी मैल, साधारण ९ किलोमीटर. म्हणजे सायकलपेक्षाही कमी! ३० मैलांचा टप्पा म्हणजे सहा तास. पहाटे निघायचं आणि उजेड असेपर्यंत पुढच्या बंदरात नांगर टाकायचा, असा हिशोब बसतो.

प्रश्न पहिला: मी कुठे आहे?

इथे मोबाईलला पूर्ण मार्क. बऱ्याच जणांना वाटतं की नेटवर्क गेलं की जीपीएस बंद. तसं नाही. जीपीएसमध्ये फोन फक्त ऐकतो, तो उपग्रहाला काहीही पाठवत नाही. उपग्रहांकडून आलेल्या सिग्नलच्या वेळेतल्या फरकावरून तो आपली जागा काढतो. समुद्रात वर मोकळं आकाश असल्याने ही जागा साधारण पाच मीटरच्या आत बरोबर येते. नवीन फोन जीपीएससोबत ग्लोनास, गॅलिलिओ आणि काही मॉडेल्समध्ये आपलं नाविकही वापरतात.

मग नेटवर्कचं काम काय? दोन गोष्टी. पहिली म्हणजे सुरुवातीला उपग्रह लवकर शोधायला मदत. दुसरी म्हणजे नकाशाचं चित्र डाउनलोड करणं. नकाशा आधीच उतरवून ठेवलेला नसेल तर निळा ठिपका असतो, पण तो कोऱ्या पडद्यावर.

आणि नेटवर्क जातं कधी? किनाऱ्यालगत बऱ्याच ठिकाणी ते मिळतं. पण एखाद्या डोंगराच्या टोकाला वळसा घातला आणि टॉवर आड गेला की रेंज गायब. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर तर जातंच.

फोनच्या आणखी तीन अडचणी: ऑक्टोबरच्या उन्हात तो तापून बंद पडतो, ओल्या बोटांनी पडदा नीट चालत नाही आणि खारं पाणी चार्जिंगच्या खाचेत गेलं की चार्जिंगच होत नाही. म्हणून बोटीवर चार्टप्लॉटर लावतात. काम तेच, पण पाण्यात आणि उन्हात टिकेल असं बनवलेलं. फोन दुसऱ्या नंबरचा गडी म्हणून प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवायचा.

प्रश्न दुसरा: खाली पाणी किती?

गूगल मॅप्सवर समुद्र एकसारखा निळा दिसतो. समुद्री नकाशावर, म्हणजे चार्टवर, तसं नसतं. तिथे ठिकठिकाणी आकडे असतात. ती खोली. आपल्या पाण्याचे अधिकृत चार्ट देहरादूनचं राष्ट्रीय हायड्रोग्राफिक कार्यालय काढतं.

चार्टवरचा आकडा म्हणजे आत्ताची खोली नव्हे. तो जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीच्या वेळचा असतो. त्यात त्या क्षणाची भरती मिळवली की खरी खोली मिळते. मुंबईकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो, गोव्यात दोन मीटरच्या आसपास राहतो.

भरतीची वेळ काढायची एक जुनी पद्धत आपल्या किनाऱ्यावर अजून चालते: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर ४ चे पाऊणपट ३, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता. एकदा पहाटे-सकाळी, एकदा दुपारी-रात्री. का जमतं हे? चंद्र रोज साधारण ४८ ते ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि भरती चंद्रामागे धावते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, म्हणून हिशोब जवळपास बसतो. कोष्टकाची बरोबरी तो करत नाही, पण अॅपमध्ये चुकीचं बंदर निवडलं गेलं तर ही पद्धत लगेच शंका काढते.

पाणी मधल्या वेळात किती चढलं, यासाठी बाराव्या भागाचा नियम. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तास धरले तर एकूण चढाचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात १ भाग, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १.

हे पुस्तकी वाटतं ना? आमच्या दुसऱ्या दिवशी याच आकड्यांवर निर्णय झाला. जायचं होतं हर्ण्याला. दुपारी चारच्या सुमारास पूर्वेला काळे ढग उभे राहिले आणि लांबून गडगडाट ऐकू यायला लागला. हर्ण्याचं बंदर उघड्यावर आहे, म्हणून मित्राने बोट बाणकोटकडे, सावित्रीच्या मुखाकडे वळवली. आत गेलं की तीन बाजूंनी आडोसा. पण कोकणातल्या बऱ्याच खाड्यांसारखा तिच्याही तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. पावसाळ्यात नदीच्या गाळाने तो दरवर्षी थोडा सरकतो, त्यामुळे जुन्या मोजणीच्या आकड्यावर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही.

आमच्या बोटीला तरंगायला १.४ मीटर पाणी लागतं. पुढे सरकताना खोली मोजणाऱ्या इको साउंडरने आकडा दाखवला २.१ मीटर. शिल्लक ७० सेंटिमीटर. पण बाहेरून साधारण एक मीटरची लाट येत होती. लाटेच्या खळग्यात बोट अर्धा मीटर खाली जाते. उरले २० सेंटिमीटर! मित्राने बोट फिरवून पुन्हा खोल पाण्यात आणली.

तिथी द्वादशी. १२ चे पाऊणपट ९. म्हणजे भरती रात्री नऊला, ओहोटी दुपारी तीनला. चार वाजता चढाचा पहिला भाग झालेला होता. सहा वाजेपर्यंत आणखी पाच भाग मिळणार होते. त्या दिवशीचा एकूण फरक अडीच मीटरच्या आसपास, त्याचे पाच-द्वादशांश म्हणजे एक मीटरच्या वर. दोन तास थांबलो तर ३.१ मीटर पाणी. पण सूर्य मावळणार सव्वासहाच्या आत, आणि ढग तर पुढेच सरकत होते.

मी चार आणि सहाच्या मध्ये कुठेतरी घुसावं या मताचा होतो, मित्र हलेना. तेवढ्यात मासे घेऊन परतणारी एक होडी जवळून गेली. तिच्यावरच्या तांडेलांनी हात करून ओरडून सांगितलं, "दादा, आता नको. भरू द्या जरा. आम्ही पण थांबतोय, मग आमच्या मागनं या." पावणेसहाला ते निघाले. आम्ही त्यांच्या मागे, शंभर मीटर अंतर ठेवून. इको साउंडर ३ मीटरच्या खाली गेला नाही. नांगर टाकला आणि दहा मिनिटांत पाऊस कोसळला.

आता इको साउंडर कसा चालतो ते बघू. बोटीच्या तळाला लावलेला सेन्सर आवाजाचा ठोका खाली पाठवतो आणि प्रतिध्वनी येईपर्यंतची वेळ मोजतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. १० मीटर खोलीसाठी जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे सेकंदाचा ७५ वा भाग. यंत्राला हे सहज जमतं. लक्षात ठेवायच्या गोष्टी दोन. एक, खोली पृष्ठभागापासून दाखवतोय, सेन्सरपासून की बोटीच्या सगळ्यात खालच्या भागापासून, हे सेटिंगमध्ये बघून घ्या. दोन, तो फक्त खालची खोली सांगतो, पुढची नाही. मालवणात सिंधुदुर्गाभोवतीचे खडक एकदम वर येतात, तिथे आकडा बदलेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा ठिकाणी दिवसाउजेडीच जायचं.

प्रश्न तिसरा: समोरून कोण येतंय?

मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र सक्तीचं असतं. ते जहाजाचं नाव, जागा, दिशा आणि वेग रेडिओवरून सारखं सांगत राहतं. चालू जहाज दर २ ते १० सेकंदांनी संदेश पाठवतं. छोट्या बोटींसाठीचं क्लास बी यंत्र साधारण दर ३० सेकंदांनी पाठवतं. प्रत्येकाचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक असतो, भारतीय नौकांचा ४१९ ने सुरू होतो.

याचा फायदा काय? मुंबई बंदर आणि जेएनपीएच्या वाटेवर किंवा जयगडजवळ एखादं जहाज १४ नॉटने समोरून येतंय आणि तुम्ही ५ नॉटने जाताय. दोघांचा मिळून वेग १९ नॉट. सहा मैलांवर दिसलं तर तुमच्याकडे १९ मिनिटं आहेत. एवढं मोठं जहाज थांबायला किलोमीटरच्या वर अंतर घेतं, म्हणून बाजूला व्हायचं काम तुमचंच. एआयएस ते जहाज किती जवळून आणि किती वेळाने जाणार हे आधीच सांगतं.

"मग मोबाईलवर मरीनट्रॅफिक बघितलं की झालं!" नाही. त्या अॅपमधली माहिती किनाऱ्यावरच्या रिसीव्हरने पकडून इंटरनेटवरून येते. ती काही मिनिटं जुनी असू शकते आणि नेटवर्क नसेल तर येतच नाही. घरी बसून जहाजं बघायला ठीक, पण टक्कर टाळायला नाही. बोटीवर स्वतःचा एआयएस रिसीव्हर हवा.

एआयएसवर न दिसणाऱ्या गोष्टींची यादी तर मोठी आहे. लहान मासेमारी होड्या बहुतेक दिसत नाहीत. रायगड किनाऱ्याजवळ समुद्रतळात खुंट ठोकून लावलेली डोल जाळी असतात. इतर ठिकाणी लांबच लांब तरंगती जाळी, ज्यांची खूण म्हणजे एखादं झेंड्याचं काठीवजा टोक किंवा प्लास्टिकचा डबा. असं जाळं पंख्यात अडकलं तर इंजिन बंद, आणि ज्याचं जाळं फाटलं त्याचं नुकसान वेगळंच. म्हणून रात्री किनाऱ्यालगत चालायचं नाही आणि दिवसा एक माणूस कायम पुढे बघत बसलेला हवा. मासेमारांना त्यांच्या जाळ्याची कोणती बाजू मोकळी आहे विचारलं तर ते हाताने खूण करून सांगतात.

आणखी एक स्वस्तातली गोष्ट म्हणजे रडार रिफ्लेक्टर. फायबरची बोट जहाजाच्या रडारवर जेमतेम दिसते. अॅल्युमिनियमचे पत्रे काटकोनात जोडलेला हा डबा डोलकाठीवर टांगला की रडारची लहर आल्या वाटेने परत जाते. त्याला वीज लागत नाही आणि त्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

प्रश्न चौथा: माझी हाक कोण ऐकेल?

आपल्या रायगडकरांना रामदास बोटीची गोष्ट वेगळी सांगायला नको. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट वाटेत उलटली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. मुंबई हाकेच्या अंतरावर असूनही तिथे बातमी पोचायला तास गेले, आणि ती आणली पोहून जीव वाचवलेल्यांनी.

आज यासाठी पहिलं साधन म्हणजे व्हीएचएफ रेडिओ. चॅनल १६ हा संकटाचा. मोबाईलवर तुम्ही एकाच माणसाला हाक मारता, व्हीएचएफवर आसपासच्या सगळ्यांना. ज्याला मदत करता येईल तो कदाचित दोन मैलांवर असतो, आणि त्याचा नंबर तुमच्याकडे नसतो!

व्हीएचएफ किती लांब जातो? लहरी साधारण सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. म्हणून ताकदीपेक्षा अँटेनाची उंची महत्त्वाची. दोन्ही अँटेनांच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, बेरीज करा आणि सव्वादोनने गुणा. उत्तर सागरी मैलात मिळतं:

- हातातले दोन सेट, दोन्ही १ मीटर उंचीवर: (१+१) × २.२५ = ४.५ मैल
- डोलकाठीवर ९ मीटर, समोरही तेवढंच: (३+३) × २.२५ = १३.५ मैल
- डोलकाठीवर ९ मीटर, किनाऱ्यावर टेकडीवरचा १०० मीटर उंच अँटेना: (३+१०) × २.२५ = सुमारे २९ मैल

म्हणूनच अँटेना डोलकाठीच्या टोकाला लावतात. नवीन सेटवर झाकणाखाली लाल बटण असतं. ते दाबून धरलं की चॅनल ७० वर तुमचा एमएमएसआय क्रमांक आणि जागा आपोआप जाते. पण सेटला जीपीएस जोडलेला नसेल तर जागा जात नाही. वायर जोडली आहे का, हे निघण्याआधी नक्की तपासा. व्हीएचएफ सेटला परवाना लागतो हेही लक्षात ठेवा.

दुसरं साधन म्हणजे ईपर्ब. ४०६ मेगाहर्ट्झवर थेट उपग्रहाला संकेत पाठवणारा हा डबा किमान ४८ तास चालतो. संकेत बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात पोचतो आणि तिथून तटरक्षक दलाकडे. विकत घेतल्यावर नोंदणी केली नसेल तर बोट कोणाची, तिचं वर्णन काय, घरी कोणाला फोन करायचा, हे काहीच त्यांना कळत नाही.

याचं मोल सांगणारं उदाहरण अभिलाष टॉमी यांचं. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत, हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, वादळात त्यांच्या बोटीची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर इजा झाली. चालता येत नव्हतं. ईपर्बचा संकेत आणि उपग्रहावरून गेलेले छोटे संदेश यांच्या आधारे त्यांची जागा कळली आणि २४ सप्टेंबरला ओसिरिस या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं.

मासेमारांसाठी इस्रोने डॅट नावाचं संकटसूचक यंत्र बनवलंय. त्याच्या दुसऱ्या पिढीत, जानेवारी २०२४ पासून, "तुमचा संदेश मिळाला" असं उत्तरही बोटीवर परत येतं. पाण्यात अडकलेल्या माणसाला हे एक वाक्य किती धीर देईल!

एक महत्त्वाची सूचना: परदेशातल्या व्हिडिओंमध्ये इरिडियम किंवा थुरायाचे फोन आणि उपग्रहावरून मेसेज करणारी छोटी यंत्रं सर्रास दिसतात. भारतात ती दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरणं, नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे. परदेशातल्या नातेवाइकांकडून भेट म्हणून मागवू नका.

या सगळ्याला वीज किती?

हा माझा विषय. दिवसाचे दहा तास चाललो तर १२ व्होल्टवर साधारण असा हिशोब येतो:

- चार्टप्लॉटर आणि इको साउंडर: १ अँपिअर × १० तास = १०
- व्हीएचएफ, ऐकत ठेवलेला: ०.४ × १० = ४
- एआयएस: ०.३ × १० = ३
- नांगरावरचा एलईडी दिवा: ०.२५ × १२ = ३
- दोन मोबाईलचं चार्जिंग: ५

एकूण २५ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा खाली नेऊ नये, म्हणजे तिच्यात दोन दिवस निघतात. १०० वॅटचा पॅनल ऑक्टोबरच्या उन्हात दिवसाला तेवढेच २५ ते ३० भरून देतो, अर्थात शिडाची सावली पडली नाही तर. बॅटरी दोन ठेवा: एक फक्त इंजिन सुरू करायला, दुसरी बाकी सगळ्याला. मोबाईल चार्ज करता करता इंजिनच सुरू होईना, अशी वेळ येता कामा नये. घरातल्या इन्व्हर्टरची साधी तांब्याची वायर इथे चालत नाही. खाऱ्या हवेत ती आतून काळी पडते. कथिलाचा मुलामा दिलेली वायर घ्या आणि प्रत्येक जोडावर उष्णतेने आवळणारी नळी बसवा.

निघण्याआधी एवढं तपासा

- बोटीची नोंदणी, विमा आणि सगळ्यांची ओळखपत्रं सोबत. २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर तपासणी होते आणि ती व्हायलाच हवी.
- प्रत्येक बंदरात पोचल्यावर बंदर कार्यालय आणि सागरी पोलिसांना कळवा. महाराष्ट्रात बंदरं महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे.
- तटरक्षक दलाचा हेल्पलाइन नंबर १५५४ सगळ्यांच्या फोनमध्ये.
- चार्ट आणि भरतीची कोष्टकं आधी उतरवून, शिवाय कागदावर एक प्रत.
- लाइफ जॅकेट ठेवायचं नाही, घालायचं.
- घरी एका माणसाकडे टप्प्यांची यादी. "संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर अमुक नंबरला कळव" इतकं स्पष्ट लिहून.

शेवटची गोष्ट मी पाहिलेल्या सगळ्या उपकरणांपेक्षा स्वस्त आहे. त्या बाणकोटच्या संध्याकाळी माझ्या घरच्यांकडे ती यादी होती आणि "हर्णे" च्या जागी "बाणकोट" हा एक मेसेज मी रेंज असतानाच, चार वाजता, टाकला होता.

पणजीला ज्या मांडवीत आपण शिरतो तिचंच दुसरं नाव म्हादेई. याच नावाची नौका गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली आणि दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. आपल्याला एवढं लांब जायचं नाही. पण मांडवा ते जंजिरा हा एकच टप्पा जरी करायचा असेल, तरी वरचे चारही प्रश्न तेच राहतात. प्रत्येक प्रश्नाला एक यंत्र आणि ते बंद पडलं तर वापरायची एक जुनी पद्धत, अशी जोडी तयार असेल तर खुशाल नांगर उचला. नसेल तर पुढच्या भरतीपर्यंत थांबा.